उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या

शास्त्रपाठ : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ६, वचने १ ते १३



वर दिलेला पाठ आपणांपैकी बहुतेकांस तोंडपाठ असेल. शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगेल की एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या, त्या प्रभूने हाती घेतल्या, उपकारस्तुती केली, आणि पाच हजार पुरुष पोटभर जेवले. जव हे त्या देशी गरिबांचे धान्य होते, जसे आपल्याकडे बाजरी किंवा नाचणी. ही गोष्ट सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु प्रभू येथे थांबला नाही. सर्व तृप्त झाल्यावर त्याने शिष्यांस आज्ञा केली की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाता कामा नये. आणि बारा टोपल्या भरल्या.

या आज्ञेचा आपण कधी विचार केला आहे काय? ज्याने क्षणात हजारोंना पुरेल एवढी भाकर केली, त्याला चार तुकड्यांची काय वाण होती? दुसऱ्या दिवशी भूक लागली असती तर तो पुन्हा तसेच करू शकला असता. तरीही त्याने गवतावर पडलेला तुकडा तुच्छ मानला नाही. ज्याच्या हाती विपुलता आहे तोच येथे काटकसर शिकवितो. आजच्या प्रवचनात आम्ही याच बारा टोपल्यांविषयी बोलणार आहो. आणि हा धडा आम्ही पुस्तकातून नव्हे, तर परमुलखात एका वखारीत खोकी उचलता उचलता शिकलो, हेही प्रथमच कबूल करतो.

२०२३ साली आमच्या मुलीच्या व जावयाच्या आग्रहावरून आम्ही काही महिने लंडन शहराच्या एका उपनगरात राहावयास गेलो होतो. दोघेही दिवसभर कामावर जात. घरात बसून आमचा वेळ जाईना. तेथील मंडळीच्या पाळकसाहेबांनी सुचविले की जवळच एक धर्मादाय संस्था आहे, ती दुकानांतून व कारखान्यांतून उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंना पोचविते, तेथे स्वयंसेवकांची नेहमीच गरज असते. आम्ही मनात म्हटले, इंग्लंडात उपाशी माणसे? जो देश आमच्याकडे मिशनरी व पैसा पाठवीत आला, त्या देशात अन्न वाटावे लागते? कुतूहलापोटीच आम्ही गेलो, आणि पुढे काही आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, तेथे जात राहिलो.

तेथील काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. वखार मोठी असून तिच्या एका अंगास शीतगृह असते. पहाटेपासून मालमोटारी येतात. त्यांतून दुधाच्या बाटल्या, पाव, भाजीपाला, फळे, डबाबंद कडधान्ये असा नाना प्रकारचा माल उतरतो. हा माल टाकाऊ का ठरला असे आम्ही विचारले. कारणे ऐकून आम्ही थक्क झालो. एका खोक्यावर लेबल चुकीचे छापले गेले होते. दुसऱ्या मालाची वेष्टने नाताळची होती आणि नाताळ होऊन गेला होता. गाजरे वाकडी होती. कोठे दुकानदाराने पावसाचा अंदाज चुकवून मागणी जास्त नोंदविली होती. अन्नात काही दोष नव्हता. दोष हिशेबात होता.

स्वयंसेवकांनी प्रथम हात धुवावयाचे, पायांत जाड बूट व अंगात चकाकणारे पिवळे जाकीट घालावयाचे, मग माल निवडावयाचा. थंड ठेवण्याच्या वस्तूंची उष्णता मोजून लिहून ठेवतात व ती ८ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. नंतर प्रत्येक ठिकाणच्या गरजेप्रमाणे खोकी भरतात, आणि लहान मोटारींतून ती शाळांच्या न्याहारीस, निराश्रितांच्या आश्रमास, वृद्धांच्या भोजनगृहास व मंडळ्यांच्या सभागृहांस जातात. आमच्या शेजारी उभा राहून कांदे निवडणारा एक वयस्क गृहस्थ होता. त्याने एके दिवशी सहज सांगितले की पूर्वी तो स्वतः अशाच एका आश्रमात जेवत असे. आता दर मंगळवारी तो येथे येतो. घेणारा व देणारा यांमधील भिंत किती पातळ आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

या कार्याचा उगमही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील अॅरिझोना प्रांतातील फीनिक्स शहरी जॉन व्हान हेंगेल नावाचा एक मनुष्य गरिबांच्या भोजनगृहात स्वयंसेवा करीत असे. बागांतून झाडांवर राहून गेलेली संत्री-लिंबे तो वेचून आणी. तेथे त्याला एक माता भेटली. तिला बरीच मुले होती व नवरा तुरुंगात होता. दुकानांच्या मागे टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर ती मुलांना वाढवीत होती. तिनेच त्याला सुचविले की लोक जसा पेढीत पैसा ठेवतात व लागेल तेव्हा काढतात, तशी अन्नाचीही एक पेढी असावी. त्यावरून १९६७ साली सेंट मेरीज या चर्चच्या मदतीने तेथे पहिली अन्नपेढी निघाली. पुढे या कार्याची जी देशव्यापी संस्था झाली तिला 'दुसरी सुगी' अशा अर्थाचे नाव मिळाले. १९८४ साली पॅरिस शहरी युरोपातील पहिली अन्नपेढी निघाली. ब्रिटनमध्ये १९९४ साली 'फेअरशेअर' ही संस्था सुरू झाली. आणि डिसेंबर २००९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात, एरवी टाकून दिले गेले असते अशा अन्नातून पाच हजार लोकांस जेवण देण्यात आले. आपल्या पाठातील संख्याच त्या जेवणाच्या नावात घेतली होती.

बंधूंनो, या साऱ्या महान कार्याची पहिली कल्पना कोणा धनवानास वा विद्वानास सुचली नाही, उकिरड्यातून अन्न वेचणाऱ्या एका मातेस सुचली, हे ध्यानात ठेवा. पाच भाकरी देणारा मुलगाही गावातील प्रतिष्ठित नव्हता. देवाचे कार्य पुष्कळदा अशाच हातांनी आरंभते.

आता या पाठातून तीन गोष्टी आपण घेऊ.

पहिली गोष्ट ही की, अन्न वाया घालविणे हे पाप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. लोकांच्या वाट्यास येणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. त्याच काळात सुमारे ७० कोटी माणसे उपाशी होती. आपण म्हणाल, हा श्रीमंतांचा व मोठ्या दुकानांचा अपराध आहे, आमच्या झोपडीशी त्याचा काय संबंध? तोच अहवाल सांगतो की या नासाडीपैकी सुमारे ६० टक्के घराघरांतून होते, आणि ही नासाडी केवळ धनवान देशांत होते असेही नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी मान्ना साठविला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. गरजेहून अधिक धरून ठेवलेले अन्न नासते, आणि ते धरून ठेवणारे मनही त्याबरोबर नासते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे व ती आम्ही भीत भीत सांगतो. आपणांपैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस 'उरलेले अन्न' हे शब्द ऐकताच छातीत कळ येत असे. गावच्या वेशीबाहेर राहणाऱ्या आपल्या आजाआजींनी दारोदार हिंडून शिळ्या भाकरी मागितल्या, लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळींवरचे उष्टे गोळा केले, आणि तो आपला हक्क आहे असे त्यांस शिकविले गेले होते. १९२७ साली महाड येथे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांस उष्टे व मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्यास सांगितले, ते याच अपमानाच्या जाणिवेने. तेव्हा कोणी विचारील, पाळकसाहेब, जे आम्ही मोठ्या कष्टाने टाकले तेच तुम्ही शास्त्राच्या नावाने परत आणता काय?

नाही. उष्टे आणि उरलेले यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. हे अंतर आम्हांस त्या वखारीत एका बाईने शिकविले. ती तेथील कामाची मुख्य होती. एके दिवशी शिजविलेल्या मांसाची बरीच पाकिटे आली. तेथे मालावर दोन प्रकारच्या तारखा असतात. एक तारीख सांगते की वस्तू अमुक दिवसापर्यंत उत्तम राहील. ती उलटली तरी वस्तू चांगली असल्यास देता येते. दुसरी सांगते की अमुक दिवसाच्या आतच खावी. ती उलटली की ती वस्तू कोणासही देता येत नाही. त्या पाकिटांवर दुसऱ्या प्रकारची, आदल्या दिवसाची तारीख होती. बाईंनी ती सर्व बाजूस काढावयास सांगितले. आमच्याने राहवले नाही. आम्ही म्हणालो, "बाई, आमच्या देशात असे अन्न कोणी टाकणार नाही. भुकेला मनुष्य तारीख पाहत नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही आज रात्री आपल्या नातवंडास वाढाल काय?" आम्ही उत्तर दिले नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ज्याला निवड करण्याची सोय नाही, त्यालाही ते वाढता येणार नाही." ती पाकिटे वायू तयार करण्याच्या कारखान्याकडे गेली.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. काही वर्षांमागे आमच्या चिरंजिवांचे लग्न झाले, त्या वेळची गोष्ट आठवली. पंगती रात्री उशिरापर्यंत चालल्या. भात, भाजी व वरण पुष्कळ उरले. रात्री कोणास भान नव्हते. सकाळी उठून पाहिले तेव्हा भाजीस वास येऊ लागला होता. तरीही आम्ही तो मोठा टोप गावाबाहेर उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर पाठवून दिला आणि पुण्य केले असे मानले. संध्याकाळी टोप घासूनपुसून लखलखीत परत आला. आम्ही समाधान पावलो. पुढे महिन्याभराने एका मुकादमाकडून कळले की त्या लोकांनी ते अन्न एका खड्ड्यात पुरले होते. त्यांच्यातील एका म्हाताऱ्याने म्हटले होते, "सायबाच्या घरचं हाय, नाय म्हनू नगा. पर लेकरांच्या तोंडाला लावू नगा."

बंधूंनो, पाहा. आमचा मान राखण्यासाठी त्या गरिबांनी टोप घासून दिला, आणि आम्ही मात्र त्यांचा मान राखला नव्हता. आमच्या आजोबांस ज्या रीतीने अन्न मिळाले होते, त्याच रीतीने आम्ही, ख्रिस्ताचे नाव घेणारे, दुसऱ्यास अन्न दिले होते. मलाखी संदेष्टा लोकांस विचारतो की आंधळे व लंगडे जनावर तुम्ही देवास अर्पण करता, तेच आपल्या सुभेदारास नेऊन दिले तर तो प्रसन्न होईल काय? गरिबास दिलेले अन्न हे प्रभूस दिलेले अर्पण आहे, हे आपण शिकविले आहे. मग जे आपल्या ताटात चालत नाही ते अर्पण कसे होईल?

प्रभूच्या बारा टोपल्यांत उष्टे नव्हते. ते तुकडे त्याने स्वतः मोडलेल्या भाकरीचे होते. त्यावर उपकारस्तुती झाली होती. जे पहिल्याने वाढले गेले तेच शेवटी टोपलीत आले, त्याहून हलके नव्हे. वखारीतून खोकी घेऊन आम्ही एकदा एका मंडळीच्या सभागृहात गेलो होतो. तेथे सर्व माल दुकानासारखा मेजांवर मांडून ठेवीत, आणि आलेली माणसे पिशवी घेऊन आपल्या पसंतीने वस्तू निवडीत. कोणी रांगेत हात पसरून उभा नव्हता. एका आईने आपल्या मुलास विचारले, सफरचंद हवे की केळे? मुलाने केळे मागितले. गरिबाच्या मुलास निवड करावयास मिळणे ही केवढी गोष्ट आहे, हे ज्याने ती गरिबी भोगली आहे तोच जाणील.

तिसरी गोष्ट ही की, दान हे न्यायाच्या जागी बसू शकत नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात देवाने शेतकऱ्यास आज्ञा केली की शेताच्या कडा कापू नको व पडलेली कणसे वेचू नको, ती दरिद्री व परदेशी यांची आहेत. ही भीक नव्हे, तो गरिबाचा वाटा होय. याच नियमामुळे मवाबी रूथ, एक परदेशी विधवा, बवाजाच्या शेतात मान वर करून सरवा वेचू शकली. फ्रान्स देशाने २०१६ साली कायदा केला की मोठ्या दुकानांनी न विकलेले चांगले अन्न नष्ट करू नये, ते देण्यासाठी धर्मादाय संस्थांशी करार करावा. जुन्या नियमशास्त्राचा हा जणू नवा प्रतिध्वनी होय. तरीही मजुरास पुरी मजुरी न देता संध्याकाळी त्यास वाडगाभर आमटी देणारा मनुष्य देवास फसवू शकत नाही. आधी मजुरी, मग आमटी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी मका गोळा केला आणि 'किटो' नावाच्या आगबोटीने तो मुंबई बंदरात आला. तो ठिकठिकाणच्या मिशनांमार्फत वाटला गेला. आपल्या कित्येक मंडळ्यांचे पूर्वज अशा धान्यावर जगले. लंडनच्या वखारीत खोकी भरताना आम्हांस वाटले की आपण एका जुन्या ऋणाचा एक मूठभर भाग फेडीत आहो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियातील नव्या मंडळीने, जिला सुवार्ता यहूदियातून मिळाली होती, यहूदियातील बंधूंसाठी दुष्काळात मदत पाठविली. ज्यांनी घेतले त्यांनी दिले. कोणतीही मंडळी कायमची घेणारी नसते आणि कोणताही देश कायमचा देणारा नसतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या खेड्यात शीतगृह नाही, मोटारी नाहीत. आम्ही काय करावे? आपल्या हाती जे आहे तेच करावे. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की या गोष्टी मंडळीपुढे मांडाव्या.

लग्न, नामकरण किंवा प्रीतिभोजन ठरेल तेव्हाच, उरलेले अन्न कोण नेणार व कोठे नेणार हे ठरवावे. शेवटच्या पंगतीनंतर नव्हे, पहिल्या पंगतीच्या आधी एक स्वच्छ भांडे भरून झाकून बाजूस ठेवावे. अन्न त्याच रात्री, ऊन असताना पोचवावे. पानावरचे काही त्यात मिसळू नये. आणि जो नेतो त्याने जमल्यास तेथे बसून त्यांच्याबरोबर दोन घास खावे. ज्या अन्नातून आपण स्वतः खाऊ शकत नाही ते नेऊ नये.

भाव पडला म्हणजे टोमॅटो किंवा कोबी शेतातच सडतो किंवा रस्त्याच्या कडेस टाकला जातो. तोडणीची मजुरीही निघत नाही, हे शेतकऱ्याचे दुःख आम्ही जाणतो. तथापि टाकण्यापूर्वी जवळच्या वसतिगृहास, आश्रमशाळेस किंवा मजुरांच्या तळास निरोप द्यावा; तरुण संघाने पाट्या घेऊन जावे. हा आपला सरवा होय.

आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे हे काम कोणा एकास नेमून द्यावे. विधवांच्या रोजच्या वाटपात हयगय झाली तेव्हा प्रेषितांनी नुसता उपदेश केला नाही, पवित्र आत्म्याने पूर्ण अशी सात माणसे निवडावयास मंडळीस सांगितले. भांडी उचलण्यास व हिशेब ठेवण्यास पवित्र आत्मा लागतो, असे त्या मंडळीस वाटले. आपणही पंगतीच्या कामास हलके समजू नये.

रूथच्या पुस्तकातील एक लहानशी गोष्ट सांगून आम्ही संपवितो. बवाजाने रूथला जेवावयास बसविले, ती तृप्त झाली, आणि तिच्या पुढ्यात काही उरले. ते तिने पदरात बांधले व घरी जाऊन नामीस दिले. पाहा, सरवा वेचणारीच्या घरीही उरले, आणि तिने ते दुसऱ्यास दिले. उरणे हे धनवानाचेच लक्षण नव्हे. प्रभूच्या हातून घेणाऱ्या प्रत्येकाजवळ काहीतरी उरते.

बारा शिष्य होते आणि बारा टोपल्या भरल्या. प्रत्येकाच्या खांद्यास एक टोपली आली. पुढे त्या टोपल्या कोठे गेल्या, त्यांतील भाकर कोणी खाल्ली, हे योहान सांगत नाही. आम्हांस वाटते, ते आपणांसाठी मोकळे ठेवले आहे. आपल्या खांद्यावरील टोपली या आठवड्यात कोणाच्या दारी उतरणार, याचा विचार प्रत्येकाने घरी जाऊन करावा.

हे स्वर्गीय पित्या, तू आमच्या पूर्वजांस दुष्काळात जगविलेस. आमच्या घरांतून कोणास उष्टे न जावो, आणि तुझ्या दानातील काही वाया न जावो. आमचे हात स्वच्छ कर व आमची पंगत मोठी कर. आमेन.